सरकार थाटताय? मग नागपूरला विचारा

अभिनंदन! साहेब गेले, त्यांचा झेंडा उतरला, तुमचा चढला, पेढे वाटून झाले. आता खरी पंचाईत. उद्या साडेदहाला कचेरी उघडायची आहे. खुर्चीवर कोण बसणार, कुठल्या कायद्यानं बसणार आणि त्याचा पगार कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे आज रात्रीच ठरवावं लागेल. घाबरू नका, नागपूरकराचा सल्ला घ्या. मध्य प्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई, महाराष्ट्र: या शहरानं जागचं न हलता चार राज्यं पाहिली. पाट्या रंगवणाऱ्यांना इथं कधी कामाची ददात पडली नसावी.

पहिली गोष्ट, जुनं सामान फेकू नका. राज्यघटनेत ३७२ वं कलम घाला: आधीचे कायदे बदलेपर्यंत चालू. एवढ्या एका ओळीवर १८६० ची दंडसंहिता ३० जून २०२४ पर्यंत आरामात चालली. १२४ अ, म्हणजे राजद्रोहाचं कलम, तर जिवापाड सांभाळा. टिळकांना मंडालेला धाडून त्याची चाचणी केव्हाच झालेली आहे, इतका खात्रीचा माल बाजारात पुन्हा मिळत नाही. कारभाराचा सांगाडाही नव्यानं घडवत बसू नका. इंग्रजांनी केलेला १९३५ चा भारत सरकार कायदा समोर ठेवा आणि बरंचसं त्यातूनच उचला. शिव्या घालून झाल्या असतील तर.

मसुद्यासाठी सात जणांची समिती नेमा. सातच का? कारण शेवटी एकाला तरी काम करावं लागतं. आमच्याकडे २९ ऑगस्ट १९४७ ला समिती झाली. पुढे टी. टी. कृष्णम्माचारींनी संविधान सभेतच हिशेब मांडला: एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानांच्या कामात, एकदोघे दिल्लीपासून लांब. उरले आंबेडकर. तब्येत साथ देत नसताना त्यांनी ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं पार पाडली. दुरुस्त्या सुचवणाऱ्यांची मात्र वाण नव्हती. ७,६३५ सूचना आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तुमच्याकडेही असा एक माणूस असेल, तर त्याला आधी शोधा आणि सगळं काम त्याच्यावर टाका. पुतळ्याचं नंतर बघता येतं.

घटना लागू झाली की तिला फार दिवस तशीच ठेवू नका. आमची २६ जानेवारी १९५० ला लागू झाली आणि पहिली दुरुस्ती १८ जून १९५१ ला. सतरा महिनेही दम निघाला नाही. तोवर सार्वत्रिक निवडणूकसुद्धा झालेली नव्हती!

निवडणुकीत पेट्या, शाई, चिन्हं हे सगळं जमून जातं. अडतं ते दारात. यादी करणारा उंबऱ्यावर उभा, हातात पेन्सिल.

‘बाई, नाव सांगा.’

‘गणपतची आई.’

‘अहो, तुमचं नाव.’

‘तेच तर सांगितलं बाप्पा!’

अशा कुणाच्या आई, कुणाच्या बायको म्हणून नोंदलेल्या सुमारे २८ लाख बायका पहिल्या निवडणुकीच्या यादीतून गळाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन नावाशिवाय नोंद ठेवायला तयार नव्हते, आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. तेव्हा मतपेट्यांचं पोलाद मागवण्याआधी बायकांना नावं विचारायला माणसं पाठवा. शक्यतो बाईमाणूस पाठवा.

आता राजधानी. इथं मात्र आमच्याइतकं जाणकार कुणी नाही. शहराकडून राजधानी काढून घ्यायची असेल, तर आधी त्याला एक करार द्या. विदर्भाला मराठी राज्यात आणण्यासाठी पुढाऱ्यांनी केलेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार नमुन्यादाखल बघा. नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात आणि सरकारचा मुक्कामही इथंच, ‘ठरावीक काळ’. किती ठरावीक? तेच लिहायचं नाही! आकडा लिहिला की तो पाळावा लागतो. मध्येच राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगासारखं कुणी वेगळ्या विदर्भाची शिफारस करील, तीही आदरपूर्वक फायलीला लावा. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरचं, मध्य प्रदेशाची राजधानी असणं, गेलं. त्याच वर्षी घटनेच्या ३७१ (२) मध्ये विदर्भासारख्या भागांसाठी विकास मंडळांची सोय झाली, मंडळं आली १९९४ मध्ये आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. अडतीस वर्षं वाट, सव्वीस वर्षं संसार.

अधिवेशन मात्र चुकवू नका. ते डिसेंबरात ठेवा, संत्री असतात, थंडी सोसवते. मंत्री उतरतात त्या रविभवनाला रंग द्या, मुंबईहून फायली आणा. कुठली फाईल आणायची याची फार चिकित्सा नको. जी हवी असेल ती ‘मुंबईला राहिली’ असं सांगता येतं. मोर्चा विधानभवनाच्या बराच अलीकडे कठड्यांपाशी अडवा, पाच जणांचं शिष्टमंडळ आत घ्या, निवेदनावर आवक शिक्का मारून पोच द्या. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस ती पोच चौपदरी घडी घालून खिशात ठेवतो आणि तर्री-पोहे खाऊन परत जातो. आठवड्या-दोन आठवड्यांत हे उरकलं की सरकार परत मुंबईला.

एखाद्या वर्षी हौसेनं पावसाळी अधिवेशन इकडे आणावंसं वाटलं, तर आधी नाल्या उपसून घ्या. ६ जुलै २०१८ ला विधानभवनात पाणी शिरलं, विजेच्या खोलीपर्यंत गेलं, वीज बंद करावी लागली आणि कामकाज थांबलं. तुंबलेली नाली उपसली तेव्हा आतून दारूच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. त्या कुणाच्या, हे कुठल्याच पटलावर ठेवलं गेलं नाही.