खुलासा : नागपूर हायकोर्टाची इमारत ल्युटेन्सची नाही

सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाचा फोटो आणि खाली ‘दिल्ली घडवणाऱ्या ल्युटेन्सची नागपूरला भेट’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. फोटो खरा आहे, इमारतीचं श्रेय मात्र चुकीच्या वास्तुविशारदाला दिलंय.

या इमारतीचे वास्तुविशारद हेन्री मेड (1892–1977). गोंधळ कुठून आला असेल ते कळतं. मेड आधी ल्युटेन्सच्या कार्यालयात होते, मग नव्या दिल्लीचे दुसरे वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांचे प्रतिनिधी म्हणून नव्या दिल्लीच्या बांधकामावर आले. राष्ट्रपती भवनाजवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आणि गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रल ही दोन्ही त्यांचीच कामं. वालुकाश्म आणि घुमट दिसला की लोक लगेच ल्युटेन्सचं नाव घेतात, आणि ज्याने आपल्या शहराला इतकी देखणी वास्तू दिली त्याचं नाव नागपूरकरांनाही ठाऊक नसतं. हे मला मनापासून खटकतं.

त्याच मेसेजमध्ये इमारत ‘1936 ची’ म्हटलीय, तेही बरोबर नाही. 1936 साली नागपूर हायकोर्ट स्थापन झालं. इमारतीची कोनशिला 9 जानेवारी 1937 रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी बसवली आणि उद्घाटन व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते 6 जानेवारी 1940 रोजी झालं. मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ इथे आलं ते 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ल्युटेन्सच्या जागी मेड यांचं नाव घालून पाठवा.