आधी खेळू द्या, मग बसवा

पोरगा सतरा-अठराचा आहे. उंची चांगली, पंजे मोठे, उडी भारी. मोठ्या क्लबचं बोलावणं आलंय, पण तिथं पहिला गोलकीपर पक्का आहे. दुसरीकडं एक छोटी टीम त्याला पहिल्या मॅचपासून गोलात उभं करायला तयार आहे. पालकांनी विचारलं की बहुतेक जण सांगतात, "मोठ्या क्लबात जाऊ दे, सीनियरकडं बघून शिकेल." मला हे अजिबात पटत नाही. बघून शिकता येतं, पण ज्यानं आधी स्वतः मॅचमध्ये गोल खाल्लेत त्यालाच.

कोवळ्या विंगरला ३-० ची आघाडी असताना शेवटची पंधरा मिनिटं तरी मिळतात. गोलकीपर असा कुणी बदलत नाही. दुसऱ्या नंबरच्या कीपरचा अख्खा सीझन एक मिनिटही न खेळता जाऊ शकतो, आणि जातोच.

सरावात कोच पन्नास बॉल मारतो. प्रत्येक बॉल येणार हे पोराला माहीत असतं. मॅचमध्ये अर्धा तास काहीच येत नाही आणि मग एकदम कॉर्नर. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम भरलेलं, आपण १-० पुढं, शेवटची दहा मिनिटं. समोरच्या टीमचा धिप्पाड स्टॉपर (मधला बचावपटू) मुद्दाम अंगाला खेटून उभा. बॉल आत वळतोय. लाइन सोडायची की थांबायचं, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. सोडली तर बॉल मिळालाच पाहिजे, आणि "कीपर!" ही हाळी एवढी खणखणीत पाहिजे की आपला बॅक मध्ये डोकं घालणार नाही. तो बॅक वयानं दहा वर्षांनी मोठा असतो. त्याच्यावर ओरडायचं धाडस बाकावर बसून येत नाही. दोनदा हाळी दिली नाही म्हणून गोल खाल्ला की तिसऱ्यांदा आवाज आपोआप फुटतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताच्या गोलात धीरज सिंग होता, आणि त्याच संघात प्रभसुखन गिल राखीव. वर्ल्ड कपनंतर गिलला इंडियन ॲरोज या फेडरेशनच्या तरुण पोरांच्या टीमकडून आय-लीग या देशपातळीवरच्या लीगच्या मॅचेस मिळाल्या. समोर सगळे कसलेले खेळाडू, मागं पोरांची टीम, म्हणजे गोलकीपरला उसंत नाही. मग तो बेंगळुरूत भारताचा गोलकीपर गुरप्रीतच्या मागं बसला, नंतर केरला ब्लास्टर्समध्ये आपल्या गोव्याच्या अल्बिनो गोम्सच्या मागं. डिसेंबर २०२१ मध्ये ओडिशाविरुद्ध अल्बिनोला दुखापत झाली, गिल आत आला आणि त्याच सीझनला आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचा मान, घेऊन गेला. लोक म्हणतात, बघा, बाकावर बसून तयार झाला. ॲरोजची ती वर्षं मात्र कुणी मोजत नाही.

धीरजचंही तसंच. वर्ल्ड कप, मग केरलाकडून आयएसएल, मग कोलकात्यात जवळजवळ न खेळता बसणं. २०२१ च्या सुरुवातीला तो एफसी गोवाकडं आला आणि एप्रिलमध्ये गोव्यातच फातोर्ड्याला एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत पहिल्या दोन मॅचेसमध्ये अल रय्यान आणि अल वहदा, दोघांविरुद्ध त्यानं गोल खाल्ला नाही. तेव्हा तो फक्त वीस वर्षांचा होता! त्या मॅचेस पाहताना मला खरंच भरून आलं होतं.

अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझचं नाव हमखास पुढं येतं. आर्सेनलमध्ये दहा वर्षं थांबला आणि शेवटी वर्ल्ड कप जिंकला, म्हणून थांबण्याचं कौतुक. पण त्याला खरी संधी मिळाली ती २०२० मध्ये आर्सेनलचा पहिला कीपर लेनो जखमी झाला तेव्हा, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मधल्या काळात क्लब त्याला एकामागून एक लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडं उसना, पाठवत होता. तो टिकला हा त्याच्या जिद्दीचा मोठेपणा. असे किती जण वाटेतच गळाले असतील! त्यापेक्षा बेल्जियमचा गोलकीपर कोर्टवाचं बघा. २०११ मध्ये चेल्सीनं घेतला, पण त्यांचा पहिला कीपर चेकच्या मागं न बसवता तीन सीझन ॲटलेटिको माद्रिदला खेळायला दिला. ला लीगा जिंकून परत आला आणि चेकची जागाच घेतली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पोराला गोलात उभं करायचं आणि दोन गोल सुटले की काढायचं, हे बाकावर ठेवण्यापेक्षा वाईट. इटलीचा गोलकीपर डोन्नारुम्मानं २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी मिलानकडून पदार्पण केलं आणि पहिल्याच मॅचमध्ये फ्री किकवर गोल खाल्ला. कोच मिहायलोविचनं त्याला पुढच्या मॅचला पुन्हा उभं केलं. आपल्याकडं किती कोच हे करतील? कोल्हापुरात तर गोल सुटला की गॅलरीतले प्रेक्षकच कीपर बदलायला सांगतात, आणि कोच ऐकतोही.

ॲरोज २०२२ मध्ये बंद झाली याचं मला आजही वाईट वाटतं. आता डेव्हलपमेंट लीग आहे, पण तिथं समोर समवयस्कच जास्त. पस्तिशीच्या मुरलेल्या स्ट्रायकरचा धक्का तिथं कसा मिळणार?

म्हणून पालकांनो, सही करायच्या आधी क्लबचा लोगो बाजूला ठेवा आणि सरळ विचारा: राखीव टीमच्या मॅचेस किती, त्यात गोलात कोण उभं राहणार, आणि लोनवर सोडणार का? आणि तालमींना (कोल्हापुरातल्या फुटबॉल टीम चालवणाऱ्या मंडळांना) हात जोडून विनंती, दुसऱ्या कीपरला सीझनमधल्या काही मॅचेस आधीच ठरवून द्या. पहिल्याचं बोट मोडायची वाट बघू नका.