गोंडोलिनचा पाडाव आणि तुर्गोनचा मोह

टोल्किन यांच्या काल्पनिक विश्वातील गोंडोलिन या नगराच्या पाडावावरील एका लेखात त्याचे सारे खापर राजा तुर्गोनचा भाचा मायग्लिन याच्या फितुरीवर फोडले आहे, ते मला पटत नाही. डोंगरांच्या कड्यात दडलेले हे एल्फांचे, म्हणजे अमर वंशाच्या लोकांचे, नगर तुर्गोनने समुद्रापलीकडच्या तिरिओन या एल्फांच्या जुन्या नगराच्या आठवणीवरून, ५२ वर्षे गुप्तपणे खपून उभारले. हातांनी घडवलेल्या वस्तूत फार जीव गुंतवू नये, असे जलदेवता उल्मोने त्याला आधीच बजावले होते आणि पुढे तुओर या मानवाकरवी नगर सोडण्याचा निरोपही धाडला, तरी त्या शुभ्र भिंतींपासून त्याचे मन सुटले नाही. पहिल्या महायुद्धातील सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतलेल्या तरुण टोल्किन यांनी ही कथा लिहिली, हे वाचताना सतत जाणवते. तुर्गोनची मुलगी इद्रिल हिने मात्र धोका ओळखून भुयार खोदून घेतले होते, आणि वाचलेले लोक त्याच वाटेने बाहेर पडले.