फ्यूज उडतोय म्हणून ३० चा टाकू नका राव

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. मजकूर साधारण असा: जुन्या गाडीचा फॉग लाईट बंद पडला तर मेकॅनिकला पैसे देऊ नका, एकच बाजू बंद म्हणजे बल्ब गेला, फ्यूज सारखा उडत असेल तर ३० अँपियरचा टाका, तरी नाही लागला तर बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढा, आणि पिवळा बल्ब धुकं कापतो.

बल्बचं घ्या आधी. असेलही गेलेला, पण विकत घ्यायच्या आधी डावा उजवीकडे लावून बघा ना, फुकटात कळतं. माझ्या २००९ च्या गाडीचा उजवा कधी मिणमिणायचा कधी बंद, मी शहाण्यासारखा दोन बल्ब आणले आणि नवा बल्बपण तसाच मिणमिणला. शेवटी लाईट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन लाईटच्या काळ्या, म्हणजे अर्थच्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली, तर ३ व्होल्टच्या वर! तिथे जवळपास शून्य यायला पाहिजे. बंपरमागे अर्थचा बोल्ट होता, त्याखालची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) गंजून हिरवीगार पडलेली, पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, झालं काम. आणि हे मोजताना बल्ब लावलेलाच हवा हं, कपलर (बल्बला जोडणारा प्लग) काढून मोजलं तर एका तारेवर लटकलेली वायरपण १२ व्होल्ट दाखवते आणि आपण फसतो.

आता ३० चा फ्यूज, यावर खरंच डोकं फिरतं. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला ९ अँपियरच्या थोडं वर, म्हणून बऱ्याच गाड्यांत तिथे निळा १५ चा असतो आणि वायरपण त्याच हिशोबाची. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. हिरवा ३० चा टाकला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते, तीपण बंपरच्या प्लॅस्टिकला चिकटून. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधा. दोन्ही कपलर काढा, फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा आणि फॉगचं बटण दाबा. तो फुल पेटला तर वायर बॉडीला लागतेय. मग हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, हळूहळू हलवत जा, जिथे बल्ब विझेल तिथेच आसपास वायर घासलेली नाहीतर उंदराने खाल्लेली सापडते.

डायरेक्ट वायरचं तर बोलायलाच नको, मध्ये ना फ्यूज ना रिले (बटणाच्या इशाऱ्यावर लाईटचा करंट चालू-बंद करणारा स्विच). त्याआधी पार्किंग लाईट लावून बघितलंत का? कित्येक गाड्यांत त्याशिवाय फॉग लागतच नाही. मग तसाच दुसरा रिले अदलाबदल करून बघा, पिना सारख्या असतील तरच.

राहिला पिवळा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, ते पांढरा पिवळा सगळाच जवळपास सारखा उधळतात. डोळ्याला बरा वाटतो म्हणून लावा, हरकत नाही. पण धुक्यात दिसतं ते झोत खाली आणि रुंद पडल्यामुळे. आंबोलीत मागच्या जुलैला आमच्या पुढच्या गाडीला मस्त पिवळे फॉग होते आणि झोत सगळा वर झाडांत, बिचारा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून चालवत होता.