देवदूतांना टॉवेल, गाडीला थर्ड पार्टी

सोलापुरात मे महिन्यात अंगावर शाल पडायची असेल तर दोनच मार्ग आहेत. एक तर सेवानिवृत्त व्हावं, नाही तर नर्स व्हावं. 12 मे, जागतिक परिचारिका दिन. बाहेर पारा 43 वर, हॉलमधला एकुलता एक कूलर पाहुण्यांच्या पायाशी, आणि स्टेजवर पाच सिस्टर खांद्यावर शाल, हातात नारळ आणि त्यावर एक टर्किश टॉवेल घेऊन फोटोवाल्याची वाट बघत उभ्या. टॉवेल आपल्या गावचा आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. घाम पुसायला तो तिथल्या तिथे कामाला येतो.

तुम्ही कुठल्या हॉस्पिटलचे ट्रस्टी असाल किंवा नुसतेच प्रतिष्ठित नागरिक असाल, तर हे कौतुक कसं करायचं ते शिकून ठेवा. कार्यक्रम सकाळी अकराला ठेवावा. नाइट करून आठला सुटलेल्या सिस्टरांना थांबवून घ्यायचं आणि दुपारपाळीच्या सिस्टरांना लवकर बोलवायचं. म्हणजे ड्युटीवरच्या कुणाला हलवावं लागत नाही आणि रुग्णसेवेत खंड पडत नाही. पहिल्या दोन रांगा मान्यवरांसाठी. सत्कारमूर्ती तिसऱ्या रांगेपासून मागे.

भाषणात 'देवदूत' हा शब्द किमान चारदा आला पाहिजे. त्याचा फायदा असा की देवदूताची पगारस्लिप कुणी मागत नाही. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं खासगी नर्सेसच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या होत्या. पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तरी महिन्याला 20,000 च्या खाली नको, दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका. हा कागद कुणी सभेत काढलाच तर घाबरू नका. पगाराच्या वेळी खाटा मोजताना आपलं हॉस्पिटल लहान असतं, होर्डिंगवर मोजताना मोठं असतं. खाटा त्याच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा फोटो लावा, पण दिवा हातात असलेलाच. ही बाई 1820 साली जन्मली, क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषेला गेली, आणि सैनिक जखमांपेक्षा घाणीनं आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मरतात हे तिनं आकडे मांडून, चित्रं काढून सरकारच्या तोंडावर फेकलं. हे सांगत बसू नका. दिवा घेऊन फिरणारी नर्स सगळ्यांना आवडते. आकडे घेऊन फिरणाऱ्या नर्सची बदली होते.

गावचा अभिमान हवाच असेल तर भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, त्याचा उल्लेख करा. 1938 साली चीनला गेले, तिकडच्या सैनिकांवर उपचार करता करता 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले, हे सोलापूरच्या पोरासोरांना पाठ आहे. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या, हे कुणी मध्येच बोललं तर 'हो का?' म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळा.

वॉर्डात वागायची रीत वेगळी. तिथं बाई दिसली की ती सिस्टर, पुरुष दिसला की तो डॉक्टर. लेडी डॉक्टरला सिस्टर म्हणा, मेल नर्सला डॉक्टर म्हणा, म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी समान वाटली जाते. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग किंवा तीन वर्षं जीएनएम केलेल्या मुलीला 'मावशी, जरा फरशी पुसा' म्हणायला कचरू नका. आपल्या गावात तर ती मुलगी एकाच पाळीत दुखणं, दर्द, नोवु आणि नोप्पी अशा चार भाषांत विचारत फिरते. कारण एका खाटेवर मराठी जुळे सोलापूर, दुसरीवर उर्दू शास्त्रीनगर, तिसरीवर अक्कलकोटपलीकडचा कानडी शेतकरी आणि चौथीवर पूर्व भागातली तेलुगू आजी. तिचं भाषाप्रभुत्व वाखाणू नका. सलाईन संपायला अजून वीस मिनिटं असली तरी 'ओ सिस्टर, सलाईन!' एवढंच ओरडा. ते तिला चारही भाषांत कळतं.

आता गाडीकडे वळतो. तुम्हाला वाटेल, नर्सचा आणि गाडीच्या विम्याचा संबंध काय? मलाही वाटायचं. पण दोन्हीकडे आपण सोलापूरकर एकाच हातानं पैसे मोजतो. गरज पडेपर्यंत दोन्ही महाग वाटतात.

विमा काढायचा तो पोलिसाला दाखवायला. कायद्यानं थर्ड पार्टी सक्तीचा आहे. नसला तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड, पुन्हा सापडलात तर 4000, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. तेव्हा सात रस्ता चौकात शिट्टी वाजली की मोबाइलवर कागद दिसला पाहिजे, एवढाच विम्याचा उपयोग धरून चाला. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला 2022 च्या दरानं 3416 रुपये आणि वर जीएसटी. त्यात समोरच्याची भरपाई होते. आपली गाडी, आपला बंपर, आपली कवटी त्यात येत नाही, पण पोलीस कवटीबद्दल विचारत नाही.

एजंट फुल इन्शुरन्सचं सांगायला लागेल. तो कमिशनसाठी बोलतो, हे आपल्याला ठाऊकच असतं. तरी गळ्यातच पडला तर वाटाघाटीच्या खुब्या आहेत. आयडीव्ही म्हणजे गाडी पार गेली किंवा चोरीला गेली तर मिळायची रक्कम. तिसरं वर्ष उलटलं की शोरूमच्या किमतीतून 40 टक्के वजा होतात, म्हणजे आठ लाखांची गाडी 4 लाख 80 हजारांवर येते. तुम्ही ती आणखी खाली ओढा, हप्ता हजारभरानं कमी होईल. त्या हजारात पार्क चौकात सहकुटुंब खाणं होतं. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असते, तीही खाली आणून फक्त 6000 करून घेता येते. वाचतात शंभरएक रुपये. सहा हजारांत हल्ली मोठ्या गाडीचा हेडलाइट येत नाही, पण आपण कशाला मोठ्या गाडीला धडकतोय?

झिरो डेप, म्हणजे जुनेपणाचा घसारा न कापता भरपाई देणारी जोड, घेऊ नका. ते नसलं की प्लास्टिक आणि रबराचे निम्मे पैसे तुमच्या अंगावर येतात, आणि हल्लीची गाडी पुढून बघितली तर काचा सोडून बाकी प्लास्टिकच दिसतं. काचेवर मात्र घसारा कापत नाहीत, म्हणून अपघात काचेकडून होईल असा बघावा. इंजिन प्रोटेक्शनही नको. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा पाण्यात थांबलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणारे किती तरी जण भेटले असतील. पाणी इंजिनात ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी त्याला 'परिणामी नुकसान' म्हणून बाजूला ठेवते. पण सोलापुरात पाऊस पडतोच कुठे? नळाला पाणी काही दिवसांआड, तिथं इंजिनात रोज कुठून येणार?

मागच्या वर्षी क्लेम घेतला असेल तर एजंटाला सांगू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट, पहिल्या वर्षी 20 टक्के, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत जातो. खोटं बोलून घेतलेला बोनस मोठा क्लेम केल्यावर सापडतो, तेव्हा पैसे मिळत नाहीत. तोवर मात्र तुम्ही हुशार असता. आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या, म्हणजे खासगी, गाडीनं स्टेशनवरून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असे भाड्यानं भाविक वाहत असाल, तर अपघात झाल्यावर विम्याच्या सर्व्हेअरला सांगा की सगळे मावसभाऊ आहेत. एक तेलंगणाचा, दोन नाशिकचे, एक गुजरातचा. मावशी फिरतीवर असायची म्हणावं.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात, टेंभुर्णीहून रात्री परत येताना मोहोळच्या पुढे माझ्यासमोर उसाचा ट्रॅक्टर होता. खरं तर ट्रॅक्टर नव्हता, अंधार होता. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. उसाची शेंडं काचेवर आली तेव्हा ट्रॉली दिसली. त्यात मला सगळ्यात जास्त आठवतो तो उसाच्या रसाचा गोड वास. मी डाव्या कुशीवर हात दाबून बसलो होतो आणि ट्रॅक्टरवाला टॉर्च मारत आला. मी पहिला प्रश्न विचारला, "ट्रॉलीचा विमा आहे का?" त्यानं टॉर्च माझ्या गाडीवर फिरवला, पुन्हा माझ्या तोंडावर आणला. "तुमचा हाय का ओ?"

होता. थर्ड पार्टी. मालकाला अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 15 लाखांचं संरक्षण सक्तीचं असतं, पण 'माझ्याकडे दुसरीकडे आहे' अशा रकान्यावर खूण करून मी तेही वाचवलं होतं. आता 2025 च्या मेपासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळायची योजना आलीय. मात्र ही माहिती फॉरवर्ड करू नका. गुड मॉर्निंगची फुलं जायला जागा लागते.

शहरातल्या एका हॉस्पिटलात नेलं. बरगड्यांना दोन फ्रॅक्चर, बाकी ठीक, सकाळी बघू, असं ठरलं. रात्रीच्या सिस्टरकडे बारा खाटा होत्या. वय पंचविशीचं असेल. माझ्या हाताची व्हेन सापडेना, कुणा शिकाऊ मुलानं दोनदा टोचून झालं होतं. हिनं हात खाली लोंबकळवला, दोन बोटांनी टिचक्या मारल्या, मनगटाच्या वर अंगठ्यानं चाचपलं आणि एका झटक्यात लावली. मग दर तासाला येऊन बीपी, नाडी. मला नुकती झोप लागायची आणि दंडाला पट्टा आवळला जायचा. दीड वाजता मी वैतागलो. "अहो सिस्टर, झोपू तर द्या! सकाळी घ्या की काय घ्यायचं ते."

"झोपा तुम्ही, मी हळू घेते," म्हणाली.

अडीचला ती पुन्हा आली आणि या वेळी आकडा लिहून गेली नाही. पट्टा सोडला, पुन्हा आवळला. 90 वर 60. नाडी 128. पोटावर तळहात ठेवला, माझ्या कपाळाला हात लावला, तो ओला झाला. मी म्हणालो, बरं वाटतंय, जरा गार वाटतंय एवढंच. तिनं माझ्याशी काही बोलायच्या आधी फोन उचलला होता. झोपेतल्या डॉक्टरनं पलीकडून काही तरी सांगितलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही सर, तुम्ही यायला पाहिजे. मी रक्ताला सांगते तोवर." आवाज चढलेला नव्हता. दुसऱ्या खोलीतला पेशंट त्याच वेळी सलाईन म्हणून ओरडत होता.

प्लीहा फाटली होती. पोटात रक्त साठत होतं. चारला ऑपरेशन झालं. सकाळपर्यंत वाट बघितली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी माझ्या मेव्हण्याला बाहेर सांगितलं, मला नाही.

यानंतर कसं वागायचं, तेही सांगून ठेवतो. डिस्चार्जच्या दिवशी बिल ओळीनं वाचा. सर्जन, भूल, ओटी, औषधं, या ओळींना हात लावू नका. 'नर्सिंग चार्जेस' ही ओळ दिसली की बोट तिथं ठेवा आणि काउंटरवर विचारा, "हे कशाचे?" माझ्या मेव्हण्यानं विचारलं. पाचशे कमी झाले. पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये द्यावेत, एक किलोचा बॉक्स. वॉर्डात पाव किलो ठेवला तरी चालतो, तिन्ही पाळ्यांत मिळून. गाडीसाठी गॅरेजवाल्यानं जो आकडा सांगितला त्याच्यापेक्षा भंगारवाल्याचा आकडा बरा वाटला, तिथं ती गेली.

शेवटी एक फीडबॅक फॉर्म देतात. पेन माझ्याकडे नव्हतं. तीच सिस्टर समोर होती, दुपारपाळीला. तिनं खिशातलं काढून दिलं. टोपणाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेलं होतं, कारण लोक पेनं घेऊन जातात. 'परिचर्या सेवा: उत्तम, चांगली, ठीक.' मी 'ठीक'वर खूण केली. खाली 'सूचना' असा रकाना होता. तो रिकामा सोडणं बरं दिसत नाही म्हणून लिहिलं : रात्री दर तासाला रुग्णास उठवू नये.

चिकटपट्टीवरचं नाव आता पुसट झालंय, पण पेन छान चालतं. गेल्या महिन्यात जुनी गाडी घेतली, तिच्या फॉर्मवर सही त्यानंच केली. एजंट म्हणाला, साहेब, या वेळी फुल करू का? मी म्हटलं, थर्ड पार्टीच करा, आणि पेन खिशाला लावलं.