माझ्या कुंपणाच्या आत सरकार नको, बाहेर कडक हवं!

सरकारने काय करावं आणि कुठे थांबावं, हा खरं तर फार मोलाचा विषय. पण चार शिकलेली माणसं एकत्र जमून तो ज्या पद्धतीने चघळतात ना, ते ऐकून डोक्यात तिडीक जाते. वाद तत्त्वाचा नसतोच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच चाललेलं असतं.

पहिला नमुना घ्या. "सरकारचं काम म्हणजे सैन्य, पोलीस आणि न्यायालय. बाकी सगळं बाजारावर सोडा." आणि लगेच अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचं नाव पुढे! अहो, स्मिथने १७७६ सालच्या आपल्या पुस्तकात सरकारची तीन कर्तव्यं सांगितली होती. संरक्षण, न्याय, आणि तिसरं म्हणजे रस्ते, पूल, कालवे अशी कामं, ज्यांत कुणा एकट्याचा खर्च निघत नाही पण सगळ्यांचं भलं होतं. गरिबांच्या पोरांना लिहिता-वाचता यावं म्हणून सरकारने पैसा घालावा, हेही त्याचंच म्हणणं. ते पान यांच्या प्रतीतून गळालंय बहुतेक. खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता अर्थशास्त्रज्ञ हायेक, त्याचंही तेच. उठता-बसता त्याचं नाव घेतात, पण किमान अन्न-वस्त्र-निवाऱ्याची हमी आणि आजारपण-अपघातासाठी सरकारी मदतीने विमा, याला १९४४ साली त्याने मान्यताच दिली होती हे कुणी सांगत नाही.

बरं, असं बोलणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची कंपनी आहे. 'मर्यादित'. म्हणजे उद्या धंदा बुडाला तरी कंपनीच्या कर्जापायी याच्या राहत्या घराला हात लागत नाही. ही सोय काय बाजारात वाढदिवसाची भेट म्हणून मिळाली? ब्रिटनमध्ये १८५५ साली संसदेने कायदा केला तेव्हा मिळाली. सरकारने याच्या घराभोवती भिंत बांधली तर तो हस्तक्षेप नाही. सरकारने याच्याकडे हिशेब मागितला की लगेच गुलामगिरी!

आणि गंमत ऐका. शेजाऱ्याने कुंपण हातभर पुढे सरकवलं. तासभर 'सरकार हवंच कशाला' ऐकवून झालेला हाच माणूस फोनवर ओरडत होता, "अहो साहेब, तुमचं खातं झोपलंय का? आजच्या आज मोजणीला माणूस पाठवा!" जमिनीची नोंद सरकारी, नकाशा सरकारी, साखळी धरणारा माणूस सरकारी. का रे बाबा, शेजाऱ्याशी खुल्या बाजारात वाटाघाटी कर की! तेव्हा नाही आठवला स्मिथ?

मोठी माणसं तरी कुठे वेगळी आहेत? अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन १२ ऑगस्ट १९८६ ला पत्रकारांसमोर म्हणाले की सगळ्यात भयंकर शब्द म्हणजे 'मी सरकारकडून आलोय, मदत करायला'. या वाक्यावर लोक अजून टाळ्या पिटतात. त्याच निवेदनात, जरा पुढे, आपल्या सरकारने शेतकऱ्यांना विक्रमी मदत दिल्याचं त्यांनीच सांगितलं. ते कुणाच्या लक्षात नाही. आणि २००८ चं आर्थिक संकट? आयुष्यभर 'सरकारने मध्ये पडू नये' म्हणणाऱ्या बँका सरकारच्या दारात उभ्या राहिल्या आणि अमेरिकेने ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. नफा माझा, तोटा सगळ्यांचा.

आता दुसऱ्या बाजूचे. हे तर आणखी डोकं उठवतात. कशावरही यांचं एकच औषध: "कायदा करा! बंदी घाला!" अरे, कायदा म्हणजे शेवटी कोण? टेबलामागे बसलेला एक माणूस. हातात शिक्का, समोर रांग, आणि 'उद्या या' म्हणायचा अधिकार. तो माणूस कायम आपल्याच विचारांचा असेल असं हे धरून चालतात. निवडणूक झाली, खुर्ची फिरली, की आपण मोठ्या हौसेने दिलेली छडी आपल्याच पाठीवर बसते. मग रडारड.

अमेरिकेने १९२० ते १९३३ दारूबंदी करून पाहिली. दारू थांबली नाही, गुंडांच्या टोळ्या मात्र गब्बर झाल्या. कारखान्यांतलं अल्कोहोल लोकांनी पिऊ नये म्हणून सरकारने त्यात विषाचं प्रमाण वाढवायला लावलं. लोक ते प्यायले आणि मेले. लोकांच्या भल्यासाठी बरं का! दुसऱ्याला इजा होत असेल तरच माणसावर जबरदस्ती करा, त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही, असं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल १८५९ सालीच सांगून गेला होता. ते यांना पाठ आहे, पण फक्त स्वतःपुरतं. बाकीच्यांनी काय घालावं, काय प्यावं, कुणाशी लग्न करावं, ते सरकारने ठरवायचं!

(तिसरे ते 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे' म्हणून चहा पिणारे. त्यांच्यावर शब्दही खर्च करत नाही.)

सरकार लहान की मोठं, यावर घसा कोरडा करतात, पण कामाचे प्रश्न कुणी विचारत नाही. हे काम करायचं तर पैसा कुणाचा? निर्णय चुकला तर दाद कुठे मागायची? आणि एकदा दिलेला अधिकार परत कसा काढून घ्यायचा? ब्रिटनमध्ये १७९९ साली युद्धाच्या खर्चासाठी प्राप्तिकर आला. १८१६ मध्ये तो रद्द झाला, आणि १८४२ मध्ये 'तीन वर्षांपुरता' म्हणून परत आला. अजून आहे! कागदोपत्री आजही तात्पुरताच, दरवर्षी संसदेला नव्याने मंजूर करावा लागतो. यावर बोला ना. दरवर्षी मंजुरीची ही अट कामाची आहे की नुसता देखावा? आणि सरकारला मिळणाऱ्या प्रत्येकच अधिकाराला अशी मुदत का नसावी?

एवढं विचारलं की उत्तर काय येतं माहितीये? "ते सोड, तू डावा की उजवा ते सांग." डावा-उजवा! जर्मनीच्या चॅन्सेलर बिस्मार्कने १८७८ साली समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी घातली आणि १८८३ साली त्यानेच कामगारांना आजारपणाचा विमा दिला. घाला त्याला कुठल्या खणात घालायचा तो, आणि मग या माझ्याशी वाद घालायला.