करार संपला म्हणून कुलूप ठोकता येत नाही

बेळगावच्या शहापूर-वडगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत मराठी व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरूचा हक्क संपला. त्याच दिवशी कुलूप लावा, वीज-पाणी तोडा, पोलीस मदत करतात. नाहीतर बारा वर्षांनी घर त्याचेच होते.' यावर विसंबून कुणी एखाद्याचा संसार रस्त्यावर काढू नये, म्हणून हे उत्तर.

मजकूर मराठी असला तरी घर कर्नाटकात आहे. सीमाप्रश्नी आपली भूमिका काहीही असो, बेळगावच्या घराला महाराष्ट्राचा भाडेकायदा लागत नाही. इथला कर्नाटक भाडे कायदा 1999चा, अमलात आला 31 डिसेंबर 2001ला. तोही कमी भाड्याच्या घरांपुरता; साधारणपणे महिना 3500 रुपयांच्या वर तो लागू नाही. टिळकवाडी-हिंदवाडीतल्या आजच्या फ्लॅटना बहुधा 1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदाच लागतो.

'करार संपला की हक्क संपला.' मुदतीनंतरही मालक भाडे घेत राहिला आणि वेगळे काही ठरले नसेल, तर भाडेकरार महिन्या-महिन्याने चालू राहतो. तो मोडायला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. भाडे घेतलेच नसेल तर नोटिशीविना दावा लावता येईल. पण लावायचा दावाच, कुलूप नव्हे! राहण्याचा हक्क उरला नाही असे धरले, तरी स्थिर ताबा असलेल्याला कायद्याच्या मार्गानेच काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989मध्ये कृष्णा राम महाले खटल्यात स्पष्ट सांगितले आहे.

पोलिसांचे म्हणाल तर हा दिवाणी मामला आहे. न्यायालयाच्या हुकुमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढण्याचा अधिकार त्यांना नाही. भाडे कायद्याखालच्या घरात वीज-पाणी तोडायलाही मनाई आहे. इतर घरांतल्या भाडेकरूंना न्यायालयातून मनाईहुकूम मागता येतो.

बारा वर्षांची भीती मात्र खोलवर रुजलेली आहे. भाड्यावर जगणाऱ्या वयस्कर मालकांची त्यामुळे झोप उडते, ते मी समजू शकतो. पण भाडेकरू राहतो तो मालकाच्या परवानगीने, आणि परवानगीचा ताबा नुसत्या वर्षांनी मालकी होत नाही. वीस वर्षे भाडे भरले तरी तो भाडेकरूच. उलट भाडेपावती हा मालकाच्याच बाजूचा पुरावा. बारा वर्षांचा आकडा आला आहे तो मुदतीच्या कायद्यातून: भाडेकरार संपुष्टात आल्यापासून 12 वर्षांच्या आत मालकाने ताब्याचा दावा लावायचा असतो.

भाडेकरूंनी भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे, पावती घ्यावी, आणि करार कन्नडमध्ये असेल तर जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. तरीही कुणी जबरदस्तीने बाहेर काढलेच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली ताबा परत मागता येतो. त्यासाठी मुदत फक्त सहा महिन्यांची, म्हणून समेटाच्या बैठकांत दिवस घालवू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट नाही.